निवृत्तीच्या पैशांवर आयकराची नोटीस आली तर काय करायचं?

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये, सोयाबीन काढणीच्या दिवसांत, आमच्या दारव्हा तालुक्यातले एक निवृत्त ग्रामसेवक ओसरीवर येऊन बसले. हातात सेवा केंद्रातून काढलेली पाच-सहा पानं होती. "सर, म्या त कोणाचा एक रुपया बुडवला नाही. मंग हे नोटीस माह्याच नावानं काऊन आली?" कागदावर पन्नास हजारांच्या आसपास कराची मागणी होती. दोन रात्री ते झोपले नव्हते.

मी पंचायत समितीच्या लेखा विभागात नोकरी केली आणि निवृत्त झाल्यापासून गावातल्या लोकांचे असे कागद वाचून देतो. त्या अनुभवावरून सांगतो, अशी नोटीस म्हणजे चोरीचा आळ नव्हे. बहुतेक वेळा एखादी रक्कम चुकीच्या रकान्यात गेलेली असते आणि संगणकानं त्यावर कर काढलेला असतो. ती चूक कोणत्या कागदात झाली ते आधी शोधायचं आणि मुदतीच्या आत पुराव्यासह उत्तर द्यायचं. घाबरून पैसे भरून टाकणं चूक आहे, आणि कागद कपाटात ठेवून देणं त्याहून मोठी चूक आहे.

नोटीस खरी आहे का, आणि ती येते कुठे

आयकर खात्याच्या प्रत्येक नोटिशीवर दस्तऐवज ओळख क्रमांक असतो, त्याला डीआयएन म्हणतात. ऑक्टोबर २०१९ पासून तो बंधनकारक आहे. खात्याच्या ई-फायलिंग पोर्टलवर लॉगिन न करताही 'ऑथेंटिकेट नोटीस' या दुव्यावर नोटीस खरी की खोटी ते तपासता येतं. मोबाईलवर आलेल्या मेसेजमधला दुवा उघडू नका आणि ओटीपी कोणालाही सांगू नका. निवृत्तीच्या पैशांवर डोळा ठेवून बसलेली माणसं आता खेड्यापर्यंत पोचली आहेत.

दुसरी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पोर्टलवर तुमच्या पॅनला कोणता मोबाईल आणि कोणता ई-मेल जोडलेला आहे ते आजच पाहा. आपल्याकडे रिटर्न भरून देणारा केंद्रवाला स्वतःचाच ई-मेल टाकून देतो, किंवा पुण्याला नोकरीला असलेल्या मुलाचा जुना नंबर तिथं असतो. नोटीस तिकडे जाते, ३० दिवस निघून जातात आणि आपल्याला कळतं ते पुढच्या वर्षीचा परतावा अडकल्यावर. माझ्या स्वतःच्या बाबतीत हेच झालं होतं. निवृत्तीच्या वर्षी आलेलं पत्र मी तब्बल चार महिन्यांनी पाहिलं. 'माय प्रोफाइल'मध्ये जाऊन स्वतःचा नंबर आणि स्वतःचा ई-मेल टाका, पासवर्डही स्वतःजवळ ठेवा.

नोटीस वाचायची कशी

सगळ्यात जास्त येणारा कागद म्हणजे कलम १४३(१) खालची सूचना. बेंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्रातून, म्हणजे सीपीसीतून, ती येते. तिच्यात दोन रकाने शेजारी शेजारी असतात. एकात तुम्ही रिटर्नमध्ये भरलेले आकडे आणि दुसऱ्यात खात्यानं काढलेले आकडे. मी लोकांना लाकडी फूटपट्टी घेऊन बसायला सांगतो. पट्टी ओळीखाली धरायची आणि एकेक ओळ खाली सरकायचं. जिथं दोन्ही आकडे जुळत नाहीत त्या ओळीवर पेन्सिलीनं खूण करायची. वाद तिथं आहे, बाकीची पानं बाजूला ठेवा.

कधी कधी सगळ्या ओळी जुळतात आणि तरीही खाली मागणी असते. ग्रामसेवक भाऊंचं तसंच होतं. याचा अर्थ खात्यानं काही बदललेलंच नाही, चूक रिटर्नमध्येच आहे.

वर्ष नीट पाहा. 'कर निर्धारण वर्ष २०२४-२५' असं लिहिलं असेल तर ते १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२४ या वर्षाच्या उत्पन्नाबद्दल असतं. इथं गफलत झाली की माणूस भलत्याच वर्षाचे कागद गोळा करत बसतो. १ एप्रिल २०२६ पासून आयकराचा नवा कायदा लागू झाला आहे आणि त्यात कलमांचे आकडे बदलले आहेत. पण ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नाचा वाद १९६१ च्या जुन्या कायद्यानंच चालतो, म्हणून इथं जुनीच कलमं दिली आहेत.

कोणत्या पैशावर कर आणि कोणत्या नाही

निवृत्तीच्या वेळी हातात येणाऱ्या रकमा एकाच दिवशी खात्यात पडल्या तरी कायदा त्यांना वेगवेगळं वागवतो.

राज्य सरकारच्या कर्मचाऱ्याचं सेवानिवृत्ती उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, अंशराशीकरणाची, म्हणजे निवृत्तिवेतनाचा काही भाग विकून एकदम घेतलेली रक्कम आणि शिल्लक अर्जित रजेचे पैसे, हे तिन्ही पूर्ण करमुक्त आहेत. भविष्य निर्वाह निधीची रक्कमही तशीच. दरमहा मिळणारं निवृत्तिवेतन मात्र पगारासारखंच करपात्र आहे. हे अनेकांना माहीत नसतं आणि 'पेन्शनवर कर नसतो' म्हणून ते रिटर्नच भरत नाहीत.

जिल्हा परिषदेचे लोक इथं लक्ष द्या, कारण आपल्या खेड्यांत निवृत्त माणूस बहुधा जिल्हा परिषदेचाच असतो. ग्रॅच्युइटीच्या कलम १०(१०) मध्ये आणि अंशराशीकरणाच्या कलम १०(१०ए) मध्ये 'स्थानिक प्राधिकरणाचे कर्मचारी' हे शब्द स्पष्ट लिहिलेले आहेत. जिल्हा परिषद स्थानिक प्राधिकरण आहे, म्हणून या दोन रकमा पूर्ण सुटतात. रजेच्या पैशांच्या कलम १०(१०एए) मध्ये मात्र पूर्ण सूट फक्त केंद्र आणि राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना आहे, स्थानिक प्राधिकरण हा शब्द तिथं नाही. आमच्याकडे येणारे निम्म्याहून जास्त वाद या एका शब्दापायी उभे राहतात. एकाच कार्यालयात बसलेल्या दोन माणसांपैकी एक सरकारी आस्थापनेवरचा आणि दुसरा जिल्हा परिषदेचा असेल, तर रजेच्या पैशाला दोघांना नियम वेगळा.

ज्यांना पूर्ण सूट नाही त्यांच्यासाठी चार आकडे काढायचे आणि सगळ्यात लहान आकडा करमुक्त धरायचा. प्रत्यक्ष मिळालेली रक्कम हा पहिला. निवृत्तीच्या आधीच्या १० महिन्यांच्या सरासरी पगाराची दहापट हा दुसरा. सेवेच्या प्रत्येक वर्षाला जास्तीत जास्त ३० दिवस धरून शिल्लक राहिलेल्या रजेचा पैसा हा तिसरा, आणि सरकारनं ठरवलेली कमाल मर्यादा हा चौथा. ही मर्यादा वर्षानुवर्षं ३ लाख होती. २४ मे २०२३ च्या अधिसूचनेनं ती २५ लाख झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली.

ग्रामसेवक भाऊ जिल्हा परिषदेचे कर्मचारी, ३१ मे २०२३ ला निवृत्त झाले होते. शेवटचा पगार महागाई भत्त्यासह ८०,००० आणि शिल्लक रजा ३०० दिवस, म्हणून त्यांना ८,००,००० मिळाले. आधीच्या १० महिन्यांत महागाई भत्ता वाढत गेला होता, त्यामुळे सरासरी पगार ७८,५०० निघाला आणि त्याची दहापट ७,८५,०००. तिसरा आकडाही सरासरी पगारावरच काढायचा, म्हणून ७,८५,०००, चौथा २५ लाख. सगळ्यात लहान ७,८५,०००, तेवढे करमुक्त आणि उरलेले १५,००० करपात्र. पण त्यांच्या फॉर्म १६ मध्ये, म्हणजे पगार आणि कापलेल्या कराच्या प्रमाणपत्रात, कार्यालयानं जुनीच ३ लाखांची मर्यादा धरली होती. केंद्रवाल्यानं फॉर्म १६ पाहून तसंच रिटर्न भरलं, आणि ४,८५,००० रुपये विनाकारण करपात्र झाले.

खाजगी अनुदानित शाळेच्या शिक्षकांच्या ग्रॅच्युइटीला सरकारी सूट लागू होत नसेल तर २९ मार्च २०१८ पासूनची मर्यादा २० लाख आहे. अंशराशीकरणाची सूटही तेव्हा पूर्ण निवृत्तिवेतनाच्या एक तृतीयांश किमतीपुरतीच असते.

ही सगळी सूट जुन्या आणि नव्या दोन्ही करप्रणालींत मिळते. 'नवी प्रणाली घेतली म्हणून सूट गेली' असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

कागद गोळा करणं, आणि ते आपल्याच कार्यालयातून

पोर्टल उघडायच्या आधी हे कागद हवेत: फॉर्म १६ चे दोन्ही भाग, निवृत्तीचा आदेश, अंतिम वेतन प्रमाणपत्र, रजा रोखीकरणाचा मंजुरी आदेश, सेवापुस्तकातलं रजेच्या हिशेबाचं पान, शेवटच्या १० महिन्यांच्या पगाराची विवरणं, पीपीओ, म्हणजे निवृत्तिवेतन अदायगीचा आदेश, आणि पासबुकाची छापील पानं. पोर्टलवरून फॉर्म २६एएस, म्हणजे तुमच्या नावावर जमा झालेल्या कराचा उतारा, आणि वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, काढून घ्या. सरकारी कर्मचाऱ्यांची पीपीओची प्रत सापडत नसेल तर जिल्हा कोषागारात चौकशी करा. विदर्भातल्या सरकारी निवृत्तिवेतनाची प्राधिकारपत्रं नागपूरच्या महालेखाकार कार्यालयातून निघतात.

फॉर्म १६ चुकीचा असेल तर तो आयकर खातं दुरुस्त करू शकत नाही. तो तुमच्या आहरण व संवितरण अधिकाऱ्यानंच, म्हणजे पगार काढणाऱ्या अधिकाऱ्यानंच, करायचा असतो. त्यांना पगारातून कापलेल्या कराचं तिमाही विवरण, म्हणजे फॉर्म २४क्यू, दुरुस्त करून भरावं लागतं आणि मग सुधारित फॉर्म १६ निघतो. तोंडी सांगून हे होत नाही. बाबू चांगला असला तरी त्याच्या टेबलावर शंभर कामं असतात. अर्ज लेखी द्या, दोन प्रती करा आणि एका प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घ्या. मी लोकांना असा मजकूर लिहून देतो:

"मी दि. ३१.०५.२०२३ रोजी आपल्या कार्यालयातून सेवानिवृत्त झालो. मला अर्जित रजा रोखीकरणापोटी रु. ८,००,००० मिळाले. फॉर्म १६ मध्ये कलम १०(१०एए) खालील सूट रु. ३,००,००० इतकीच दर्शविली आहे. दि. २४.०५.२०२३ च्या अधिसूचनेनुसार कमाल मर्यादा रु. २५,००,००० असून माझ्या बाबतीत अनुज्ञेय सूट रु. ७,८५,००० येते, गणना सोबत जोडली आहे. तरी फॉर्म २४क्यू मध्ये दुरुस्ती करून सुधारित फॉर्म १६ द्यावा, तसेच सरासरी वेतन व शिल्लक रजेचे प्रमाणपत्र द्यावे, ही विनंती."

शेवटचं प्रमाणपत्र मागायला विसरू नका. सुधारित फॉर्म १६ यायला दोन-तीन महिने लागले तरी ते प्रमाणपत्र आठ दिवसांत मिळू शकतं, आणि पुरावा म्हणून पुढे तेच कामी येतं.

चूक कोणाची, त्यावर रस्ता ठरतो

चूक रिटर्नमध्ये असेल आणि मुदत शिल्लक असेल, तर सुधारित रिटर्न भरणं सगळ्यात सोपं. कर निर्धारण वर्ष २०२४-२५ साठी कायद्यातली ही मुदत ३१ डिसेंबर २०२४ होती; तुमच्या वर्षाची मुदत पोर्टलवर पाहून घ्या. ग्रामसेवक भाऊंचं काम असंच झालं. कार्यालयाचं प्रमाणपत्र हाती आल्यावर डिसेंबर २०२४ मध्ये आम्ही ७,८५,००० ची सूट दाखवून रिटर्न सुधारलं. उरलेलं उत्पन्न ७ लाखांच्या खाली आलं आणि नव्या प्रणालीतल्या त्या वर्षीच्या सवलतीनं कर शून्य झाला.

रिटर्न भरताना दोन जागी हमखास चूक होते. एक म्हणजे 'नेचर ऑफ एम्प्लॉयमेंट' हा रकाना. राज्य सरकारच्या माणसासाठी केंद्रवाला घाईत 'अदर्स' निवडतो, आणि मग सीपीसीचा संगणक त्याला पूर्ण सूट देत नाही. दुसरी चूक अशी की सूट वजा करायची, पण ती रक्कम एकूण पगारात आधी मिळवायचीच नाही. करमुक्त रक्कमसुद्धा आधी पगारात दाखवायची आणि मग सूट दाखवायच्या रकान्यात वजा करायची.

रिटर्न बरोबर आहे आणि खात्यानंच चुकीचा बदल केला असेल, तर दोन टप्पे असतात. बदल करण्याआधी कलम १४३(१)(ए) खाली सूचना येते आणि उत्तराला ३० दिवस मिळतात. 'पेंडिंग ॲक्शन्स'मध्ये 'ई-प्रोसिडिंग्ज' उघडा, प्रस्तावित बदलाशी असहमत असल्याचं निवडा, कारण लिहा, कागद जोडा. हे ३० दिवस वाया गेले आणि मागणी निघालीच, तर कलम १५४ खाली दुरुस्तीचा अर्ज करता येतो. ज्या आर्थिक वर्षात आदेश निघाला त्या वर्षाच्या अखेरीपासून चार वर्षं हा रस्ता खुला असतो. अर्ज आला त्या महिन्याच्या अखेरीपासून सहा महिन्यांत खात्यानं निर्णय द्यावा, असं कायद्यातच आहे. 'सर्व्हिसेस'मध्ये 'रेक्टिफिकेशन' असा पर्याय दिसेल. पण ही दुरुस्ती कागदावरून उघड दिसणाऱ्या चुकीसाठीच आहे. जिल्हा परिषदेचा कर्मचारी राज्य सरकारचा मानायचा की नाही, असा अर्थ लावण्याचा वाद तिथं टिकत नाही, तो अपिलात न्यावा लागतो.

अपील आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत, फॉर्म ३५ मध्ये, ऑनलाइन करायचं असतं. निर्धारित उत्पन्न २ लाखांवर असेल तर शुल्क १,००० रुपये, त्याखाली ५०० किंवा २५०. सुनावणीला कुठं जावं लागत नाही, सगळं पोर्टलवरच लेखी चालतं. तिथंही पटलं नाही तर आयकर अपिलीय न्यायाधिकरण, आणि त्याचं खंडपीठ आपल्या नागपुरातच आहे. ३० दिवस उलटले असतील तर उशिराचं खरं कारण लिहा: आजारपण, कोणाच्या तरी ई-मेलवर गेलेली नोटीस. पुरावा जोडला तर उशीर माफ होऊ शकतो.

एक रस्ता फार कमी लोकांना माहीत असतो. सूट मागायचीच राहून गेली आणि सुधारित रिटर्नची मुदतही संपली, तर कलम २६४ खाली आयुक्तांकडे पुनरीक्षणाचा अर्ज करता येतो. मुदत आदेश कळल्यापासून एक वर्ष, शुल्क ५०० रुपये. मोठी रक्कम अडकली असेल तर याला चांगला सनदी लेखापाल करा. यवतमाळ, अमरावती, वर्धा, कुठंही मिळेल. 'अपडेटेड रिटर्न' मात्र इथं उपयोगाचं नाही, त्यातून कर कमी करता येत नाही.

थकबाकीच्या पैशांचं थोडक्यात सांगतो. सातव्या वेतन आयोगाचा फरक एकदम मिळाला असेल तर कलम ८९ ची सवलत मिळते, पण रिटर्नच्या आधी फॉर्म १०ई ऑनलाइन भरलेला असायला हवा. तो नसला की सवलत सरळ नाकारली जाते.

मागणी दिसते तोवर काय करायचं

अर्ज केला म्हणजे मागणी थांबली असं होत नाही. 'रिस्पॉन्स टू आउटस्टँडिंग डिमांड'मध्ये जाऊन वेगळं उत्तर द्यावं लागतं. इथं 'डिमांड इज करेक्ट' हा पर्याय निवडू नका. केंद्रावर गर्दी असते, चालक विचारतो, "काका, ओके करू का?" आणि आपण मान हलवतो. एकदा मागणी मान्य केली की ती नंतर त्याच ठिकाणी नाकारता येत नाही. 'डिसॲग्री' निवडा आणि दुरुस्ती अर्जाचा किंवा अपिलाचा पोच क्रमांक टाका. काही रक्कम खरोखर देणं लागत असेल तर तेवढी मान्य करून भरा. नियमित निर्धारणाच्या भरण्यासाठी चलनात ४०० हा कोड असतो.

मुदतीत न भरलेल्या मागणीवर महिन्याला १ टक्का व्याज चढतं. अपील चालू असताना वसुली थांबवायची असेल तर निर्धारण अधिकाऱ्याकडे स्थगितीचा अर्ज करा. वादातल्या मागणीच्या २० टक्के भरल्यावर सामान्यतः स्थगिती मिळते. पुढच्या वर्षाचा परतावा जुन्या मागणीत वळता करण्याआधीही कलम २४५ खाली सूचना येते. तिला दिलेल्या मुदतीत असहमती कळवा.

कोणी ऐकतच नसेल तर पोर्टलवरच्या 'ग्रीव्हन्सेस'मध्ये तक्रार नोंदवा, किंवा जवळच्या आयकर कार्यालयात जाऊन अर्ज द्या. जाताना आधार, पॅन आणि सगळ्या कागदांच्या झेरॉक्स न्या. मूळ कागद कोणाच्याही हाती सोडू नका.

आदेश हाती आल्यावर

दुरुस्तीचा आदेश आला की त्याची पीडीएफ काढून छापील प्रत ठेवा आणि थकीत मागणीच्या पानावर आकडा शून्य झाला का ते पाहा. आदेश निघूनही तिथं जुना आकडा राहिल्याचं मी पाहिलं आहे. तेव्हा आदेशाची प्रत जोडून पुन्हा तक्रार करावी लागते.

परतावा येणार असेल तर पोर्टलवर बँक खातं आधी पडताळून घ्या. आपल्या भागातल्या पुष्कळ निवृत्तांची खाती विदर्भ कोकण ग्रामीण बँकेत होती. १ मे २०२५ पासून ती बँक महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली आहे. शाखेत जाऊन नवं पासबुक छापून घ्या, त्यावरचा आयएफएससी कोड पोर्टलवरच्या कोडशी अक्षर न अक्षर जुळवा, नावाचं स्पेलिंग पॅनवर आहे तसंच आहे का तेही बघा, आणि मगच खातं परताव्यासाठी निवडा.